पंधरा आणि पन्नास यांच्या मधली मोटार

जी मोटार दहा-बारा वर्षे तळघरात आच्छादनाखाली उभी आहे, तिची किल्ली एकदा फिरवून पाहण्याचा मोह धन्याला कितीही अनावर झाला तरी जाणता मिस्त्री पहिल्या दिवशी त्याला किल्लीला हात लावू देत नाही. कारण इतक्या अवधीत सिलिंडरच्या भिंतींवरचा तेलाचा थर उतरून गेलेला असतो, पिस्टनच्या रिंगा जागच्या जागी गंजून धरल्या असण्याचा संभव असतो, आणि अशा कोरड्या यंत्राला स्टार्टरने एकदम गरगर फिरवणे म्हणजे बारा वर्षांत जे नुकसान झाले नाही ते काही क्षणांत ओढवून घेणे होय. तो प्रथम सगळे स्पार्क प्लग काढतो, प्रत्येक भोकातून चमचा-दोन चमचे पातळ तेल आत सोडतो, एक-दोन दिवस ते तसेच मुरू देतो, आणि मग गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खातरजमा करून क्रँकच्या पुलीवरील नटाला लांब दांड्याचा पाना लावतो व इंजिन हातानेच, अगदी सावकाश, दोन पूर्ण फेरे फिरवतो. पाना मध्येच अडला तर जोर करावयाचा नाही, उलट थोडे मागे घेऊन पुन्हा तेल सोडावयाचे, असा या कामाचा शिरस्ता आहे. फेरे निर्वेध पार पडले की जुने तेल काढून नवे भरावयाचे आणि प्लग न बसवता, पेट्रोलचा व ठिणगीचा पुरवठा तोडून, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत चालवावयाचा, म्हणजे बेअरिंगांपर्यंत तेल पोहोचल्याची साक्ष मिळते. एवढे सारे झाल्यावरच इंजिन सुरू करण्याची भाषा.

दिल्लीच्या परिसरात अशी मोटार, विशेषतः जुनी स्पोर्ट्स कार, पुन्हा चालती करू पाहणाऱ्यापुढे यंत्राइतकाच कठीण प्रश्न कायद्याचा असतो, आणि मला येथे जे म्हणावयाचे आहे ते एवढेच, की गाडीचे वय मोजण्याची या मिस्त्रीची रीत कायद्याने उसनी घ्यावी. मिस्त्री एका गाडीला एकच वय आहे असे मानीत नाही. ओतीव लोखंडाचे वय तो झिजेवरून ठरवतो, रबराचे वय कॅलेंडरवरून ठरवतो, ब्रेक ऑइलचे वय त्याने हवेतून शोषलेल्या ओलाव्यावरून ठरवतो. सरकारदरबारी मात्र पहिल्या नोंदणीची तारीख हीच प्रमाण मानली जाते, मग त्या तारखेपासून गाडी लाखो किलोमीटर धावलेली असो वा तिने गॅरेजच्या दाराबाहेर पाऊलही टाकलेले नसो.

हा कायदा कसा उभा राहिला ते थोडक्यात सांगावयास हवे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २६ नोव्हेंबर २०१४ रोजी १५ वर्षांहून जुन्या वाहनांना राजधानीतील रस्त्यांवर धावण्यास आणि सार्वजनिक जागेत उभे राहण्यास मनाई केली. एप्रिल २०१५ मध्ये त्यात १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांची भर पडली. आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच हुकूम संपूर्ण राजधानी क्षेत्रात अमलात आणण्यास फर्मावले. १ जुलै २०२५ पासून तर दिल्लीच्या पेट्रोलपंपांवरील कॅमेऱ्यांनी नंबर प्लेट वाचून अशा गाडीला इंधनच नाकारावे अशी योजना सुरू झाली, परंतु कॅमेऱ्यांच्या उणिवा आणि लोकांचा क्षोभ यांपुढे ती काही दिवसांतच स्थगित करावी लागली. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. वर्षाकाठी फार थोडे अंतर तोडणारी खासगी गाडी आणि अहोरात्र धावणारी टॅक्सी यांना एकच मुदत लावणे कितपत न्याय्य, हा मुद्दा या वेळी खुद्द सरकारच्या वतीनेच मांडला गेला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले, आणि १७ डिसेंबर २०२५ रोजी ते संरक्षण भारत स्टेज ४ या उत्सर्जन-मानकाच्या व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. हे मानक राजधानी क्षेत्रात एप्रिल २०१० मध्ये लागू झाले. म्हणजे त्यापूर्वीची गाडी, मग तिची प्रकृती काहीही असो, पुन्हा मूळच्या मनाईखाली आली.

ज्या स्पोर्ट्स कारविषयी मी लिहितो आहे त्या बहुतेक सगळ्या या रेषेच्या पलीकडच्या आहेत. मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध होते त्या दशकांत दिल्लीतील परदेशी वकिलातींचे अधिकारी बदली होऊन जाताना आपल्या मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे सोपवीत, कॉर्पोरेशन त्यांचा लिलाव करी, आणि अशा रीतीने दोन आसनांच्या, उघड्या टपाच्या, एरवी या देशाच्या वाट्याला न येणाऱ्या कितीतरी मोटारी राजधानीतील हौशी मंडळींच्या हाती आल्या. पुढे आयात खुली झाली तशा नव्या आल्या. देशी वाणही अगदीच नव्हता असे नाही: गोव्यात सॅन मोटर्सने १९९०च्या दशकाच्या अखेरीस फायबरच्या अंगाची आणि रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनाची सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी बांधली होती, आणि तिचा तो आखूड, काहीसा आगाऊ चेहरा ज्यांनी पणजीच्या रस्त्यांवर पाहिला असेल त्यांना तो विसरता येणार नाही. सचिन तेंडुलकर यांना २००२ साली मिळालेली आणि सीमाशुल्काच्या सवलतीवरून गाजलेली फेरारी ३६० मोडेना पुढे सुरतेच्या एका उद्योजकाकडे गेली. ती सुरतकराऐवजी दिल्लीकराने घेतली असती तर आज तिला पंपावर पेट्रोल मिळावे की नाही हा वादाचा विषय झाला असता.

आता पुन्हा तळघरात जाऊ, कारण या विषयाचे खरे मर्म तेथे आहे. उभी गाडी धावत्या गाडीपेक्षा वेगळ्या रीतीने म्हातारी होते आणि ज्याला हे ठाऊक नाही तो ओडोमीटरवरचा कमी आकडा पाहून फसतो. टाकीतले पेट्रोल काही महिन्यांतच बिघडू लागते. त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन राळेसारखा चिकट थर बनतो, आणि तो कार्बोरेटरच्या केसाएवढ्या जेटमध्ये किंवा इंजेक्टरच्या तोंडाशी जाऊन बसतो. आपल्याकडे २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण देशभर गाठले गेले, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी पुरेसे साचले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी निराळा थर धरतात व पत्र्याला आतून गंज चढतो. त्यातच १९८०-९०च्या दशकांतल्या अनेक गाड्यांच्या नळ्या आणि डायफ्राम इथेनॉल गृहीत धरून बनवलेले नव्हतेच, त्यामुळे जुने पेट्रोल काढून नवे भरले म्हणजे झाले असे होत नाही. नळ्याही नव्या मालाच्या घालाव्या लागतात, नाहीतर तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकून आग लागण्याचे भय राहते.

ब्रेकचे तर विचारूच नका. सर्वसाधारण ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेले असते आणि ते झाकणाच्या फटीतून, रबरी नळ्यांतून, जमेल तेथून दमट हवेतला ओलावा शोषत राहते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा मुरलेल्याचा १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो, आणि बारा पावसाळे बघितलेल्या तेलाचा तर याही खाली गेलेला असू शकतो. उतारावर दोन-चारदा पाय दाबताच त्यातल्या पाण्याची वाफ होते व पेडल सरळ जमिनीला टेकते. कॅलिपरमधले पिस्टन जागीच धरलेले, क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली, हे तर नेहमीचेच. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ २३०९, म्हणजे तो २००९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. नक्षी कालच्यासारखी कोरी दिसत असली तरी दिल्लीच्या मे-जूनमधील पंचेचाळीस अंशांचा ताप आणि त्यापाठोपाठचा दमट श्रावण यांनी त्याचे रबर आतून तडकवलेले असते, आणि महिनोन्‌महिने एकाच जागी भार पडल्याने खालची बाजू चपटी झालेली असते. उंदरांचा पराक्रम निराळाच. एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचे बिऱ्हाड आणि वायरिंगच्या जुडग्यात कुरतडलेले तांबे, हे दृश्य नोएडाच्या तळघरातही दिसते आणि पुण्याच्या बंगल्यातही.

या सगळ्यात कॅलेंडरची सत्ता सर्वांत कठोरपणे कोठे दिसत असेल तर टायमिंग बेल्टमध्ये. ज्या ३६० मोडेनाचा वर उल्लेख आला तिच्या इंजिनात साखळी नाही, रबरी पट्टे आहेत, आणि गाडी एक किलोमीटरही न चालली तरी ते ठराविक वर्षांनी बदलावयाचे असतात. पट्टा तुटला की वाल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च पट्ट्याच्या किमतीच्या कित्येक पट होतो. येथे कायद्याच्या बाजूचा कोणी म्हणेल, की पाहा, तुमचा मिस्त्रीही शेवटी तारखेलाच शरण जातो. जातो खरा, परंतु ज्या वस्तू तारखेने मरतात त्या सगळ्या बदलण्याजोग्या असतात. पट्टा, नळी, टायर, तेल, कूलंट, बॅटरी, वॉशर यांची यादी करून मिस्त्री त्या उतरवतो, नव्या घालतो आणि गाडीचे तेवढे वय शून्यावर आणतो. तारखेने न मरणारे जे उरते, म्हणजे क्रँक, ब्लॉक, गिअर, सांगाडा, त्याची तो मापे घेतो. कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब नोंदतो, जॅकवर चढवून खालचा पत्रा टोकरून पाहतो. कायदा मात्र काय बदलता येते आणि काय मोजता येते हा भेदच करीत नाही.

(सुट्या भागांसाठी हा मिस्त्री जातो कोठे? काश्मिरी गेटच्या दुकानांत, आणि तेथे न मिळाले तर मायापुरीच्या भंगार बाजारात, म्हणजे जेथे याच कायद्याने मोडीत काढलेल्या गाड्या सुट्या होऊन आलेल्या असतात.)

आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते क्षुल्लक नाहीत. नोव्हेंबरच्या कोणत्याही सकाळी दिल्लीत श्वास घेतलेल्या माणसाला जुन्या इंजिनांविषयी गहिवर काढून दाखवणे हे उद्धटपणाचे आहे. नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवण्याची सक्ती चार महानगरांत १९९५ साली झाली, शिसेयुक्त पेट्रोल २००० साली हद्दपार झाले. त्याआधीची कार्बोरेटरवाली मोटार किलोमीटरमागे आजच्या गाडीच्या अनेक पट विषारी वायू सोडते, आणि कितीही उत्तम सर्व्हिसिंग केले तरी तिचे भारत स्टेज ६ होत नाही. हे प्रामाणिकपणे मान्य केलेच पाहिजे. ज्या पीयूसी दाखल्यावर आपण इतका इतबार ठेवतो तो पेट्रोलच्या गाडीचे इंजिन नुसते फिरत असताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतो, नायट्रोजनच्या ऑक्साइडांना हातही लावीत नाही, म्हणून त्याच्या आधारे मुभा मागणे हीही शुद्ध पळवाट ठरेल. परंतु शहराच्या हवेत जाते ते किलोमीटरमागचे विष गुणिले किलोमीटर, आणि या गुणाकारातली दुसरी संख्या आपल्या कायद्याने कधी विचारलेलीच नाही. रविवारी सकाळी तास-दीड तास बाहेर निघणारी दोन आसनी मोटार आणि रोज तीनशे किलोमीटर पळणारी, कालच नोंदलेली भाड्याची गाडी यांची तुलना आकड्यांनी व्हावयास हवी. ती होऊन पहिलीच दोषी ठरली तर माझी तक्रार नाही.

दुसरा आक्षेप वर्गाचा. ज्या शहरात नळदुरुस्ती करणाऱ्याची जुनी स्कूटर जप्त होते तेथे धनिकांच्या खेळण्यासाठी अर्ज का लिहावा? मला वाटते, युक्तिवाद तोच आहे म्हणून लिहावा. निवृत्त कारकुनाची मारुती ८००, जी आठवड्यातून एकदा भाजी आणि महिन्यातून एकदा रुग्णालय यांपलीकडे जात नाही, तिलाही हाच तारखेचा न्याय लागतो, आणि स्पोर्ट्स कारचा मालक निदान ती ट्रकवर चढवून दुसऱ्या राज्यात पाठवू शकतो. कारकून ती भंगारात घालतो.

यातील विसंगती अशी, की पुरेशी म्हातारी झालेली मोटार पुन्हा प्रतिष्ठित होते. १५ जुलै २०२१ रोजी केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकींना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नंबर प्लेट दिली. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, फेरनोंदणीस ५,००० रुपये. प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्या कारणांसाठी ती रस्त्यावर येऊ शकते, रोजच्या वापरास मनाई. तरतूद उत्तम आहे. दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राची जुन्या मोटारींची फेरी १९६४ पासून निघते आहे, तीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचा १९१४ सालचा जॉन मॉरिस अग्निबंब घंटा वाजवीत निघतो तेव्हा लहान मुले बापाच्या खांद्यावर चढून तो पाहतात; आणि राजधानी क्षेत्रातच तावडू येथे २०१३ पासून वाहनांच्या वारशाचे मोठे संग्रहालय उभे आहे. परंतु पन्नाशी गाठावयाची तर सोळाव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत ती गाडी कोणी तरी जिवंत ठेवली पाहिजे, आणि नेमक्या याच पस्तीस वर्षांत राजधानीत भारत स्टेज ४पूर्वीच्या गाडीला रस्त्यावर पाऊल ठेवण्याची परवानगी नाही. आज १९९९ सालची सॅन स्टॉर्म कायद्याच्या दृष्टीने चालवण्यास अतिवृद्ध आणि जपण्यास अल्पवयीन आहे. जर्मनीत १९९७ पासून ३० वर्षांहून जुन्या गाडीला, तज्ज्ञाने तिची मूळ स्थिती आणि प्रकृती तपासून दाखला दिल्यास, ‘एच’ अक्षराची प्लेट मिळते आणि शहरांच्या पर्यावरण-क्षेत्रांत शिरण्याची मुभाही मिळते. जर्मनांना आपल्या हवेची काळजी नाही असे कोणी म्हणू नये.

अशा गाडीच्या सर्व्हिसिंगचा शेवटचा टप्पा तर राजधानीत कायदेशीरपणे पार पाडताच येत नाही. नवे ब्रेक पॅड डिस्कवर बसण्यासाठी, गिअरबॉक्सचे तेल खऱ्या उष्णतेला पोहोचण्यासाठी, कूलंटची गळती दाबाखाली दिसण्यासाठी वीस-तीस किलोमीटरची फेरी अपरिहार्य असते, आणि ती सार्वजनिक रस्त्यावर मारणे हा कसूर ठरतो. याच क्षेत्रात, ग्रेटर नोएडाला, बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे, जेथे २०११ ते २०१३ या तीन वर्षांत फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. गाडी ट्रकवर लादून तेथवर नेता येते आणि त्या बंदिस्त मार्गावर ती मनसोक्त वेगाने पळवता येते, परंतु फाटकाबाहेर ताशी तीस किलोमीटरने चालवता येत नाही.

मराठी वाचकाने हे सारे दिल्लीचे दुखणे समजून पान उलटू नये. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत होती म्हणून शेवटची प्रीमियर पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून उतरली, आणि जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील काय, हे पाहण्यासाठी समितीही नेमली. तूर्त आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर आरटीओपुढे गाडी उभी करून, तपासणी देऊन, पर्यावरण कर भरून पाच वर्षांची फेरनोंदणी मिळते. मोटार वाहन कायद्याच्या ४१व्या कलमातील हा शिरस्ता राजधानीत मात्र बंद पडला आहे.

तेव्हा मागणी अशी. पंधरा ते पन्नास या पट्ट्यातील गाडीसाठी मर्यादित वापराची एक नोंदणी असावी. वर्षाला किती किलोमीटर याची कमाल मर्यादा ठरवून ओडोमीटरची नोंद दर वर्षी तपासावी. नुसत्या पीयूसीवर न भागवता चाके रोलरवर फिरवून, इंजिनावर भार टाकून उत्सर्जन मोजावे. ब्रेक, सुकाणू, सांगाडा आणि टायरच्या तारखा यांची लेखी तपासणी व्हावी. आणि ज्या दिवशी हवा बिघडल्यामुळे श्रेणीबद्ध कृती आराखड्याचा तिसरा टप्पा लागू होतो, त्या दिवशी भारत स्टेज ३च्या पेट्रोल मोटारींना दिल्ली-गुरुग्राम-नोएडात आताही जशी बंदी असते, तशी या नोंदणीलाही बिनशर्त बंदी असावी. अशी तपासणी करण्याची यंत्रसामग्री नाही असे कोणी सांगू लागला तर त्याला मानेसरला पाठवावे. आयकॅट ही वाहनांची सरकारी चाचणी संस्था राजधानी क्षेत्राच्या आतच आहे, आणि तिच्या प्रयोगशाळांत नव्या गाड्यांचे उत्सर्जन मोजले जातेच. खर्च सरकारने सोसावा असेही माझे म्हणणे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांहून जुन्या आयात मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ८०,००० रुपये केले आणि राजधानी क्षेत्र त्या तरतुदीतून वगळले, कारण तेथे फेरनोंदणीच नाही. ज्याने टायमिंग बेल्ट, ब्रेक, नळ्या आणि टायर यांवर याहून अधिक रक्कम आधीच खर्चिली आहे तो मालक मानेसरच्या तपासणीचे शुल्कही भरील, आणि कारकुनाच्या मारुतीसाठी ते शुल्क इंजिनाच्या आकारमानानुसार कमी ठेवता येईल.